कड्या जोडणाऱ्या भाचीला मामाचे कानमंत्र

पोरी, मशीन घेतलंस ते बरं केलंस. आमच्या वेळी वेल्डिंग मशीन म्हणजे दोघांनी उचलायचं लोखंडी धूड होतं. आता इन्व्हर्टरचं मशीन खांद्याला अडकवून माडीवर नेता येतं. धर्माबादेत पोरीनं होल्डर धरला म्हटल्यावर गल्लीतली चार डोकी भिंतीवरून डोकावणारच. त्यांच्यावर चिडू नको, मध्ये एक पत्रा उभा कर. त्यांचे डोळे वाचतील आणि तुझं कामही होईल.

गेट-ग्रिल सोडून तू साखळीच्या बारीक कड्या जोडायला बसलीस, हे मला फार आवडलं. पण या कामाची एक खोड आहे, माय. वेल्ड झाला की खरी कडी आणि फसवी कडी बाहेरून सारख्याच दिसतात, कारण आतली चूक वेल्डच आपल्या अंगाखाली झाकून घेतो. म्हणून काय शहाणपण करायचं ते कडी बंद व्हायच्या आधी करायचं. खालचं सगळं त्यासाठीच लिहितोय. एका बैठकीत वाचू नको, चहा घेत घेत वाच.

१. पहिली साखळी ८ मिमीच्या सळईची कर, ४ मिमीच्या नादी लागू नको — बारीक कडी आर्क लागताच वितळून तिचा गोळा होतो, आणि मग राग बिचाऱ्या मशीनवर निघतो.

२. दुकानात ‘एमएस राऊंड’ म्हणून साधी गुळगुळीत सळई माग. शेजारच्या स्लॅबमधून उरलेला टीएमटीचा तुकडा फुकट मिळाला तरी नको — त्याची वरची साल कारखान्यात पाण्याचे फवारे मारून कडक केलेली असते. ती नीट वाकत नाही आणि वेल्डजवळ तो कडकपणाही एकसारखा राहत नाही.

३. पांढरी चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेली तार दिसायला कितीही देखणी असली तरी तिला आर्क लावायचा नाही — जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद वितळायला १,४०० च्या वर लागतात, म्हणजे कडी जुळायच्या आधीच तो पांढरा धूर तुझ्या छातीत, आणि रात्री हिवताप आल्यागत हुडहुडी.

४. सळई आणायच्या आधी कागदावर हिशेब मांड: ८ मिमीची सळई मीटरला साधारण ४०० ग्रॅम भरते आणि एक मीटर साखळीत साडेतीन मीटरहून थोडी जास्त सळई जिरते — नाहीतर साखळी मध्येच अडते आणि उरलेल्या कड्या दुसऱ्या घाण्याच्या, वेगळ्या अंगाच्या निघतात.

५. दोन १२ मिमीच्या सळया शेजारी-शेजारी ठेव, टोकांना टाके मार आणि त्या जोडीवर तुझी ८ मिमीची सळई गुंडाळ — कडीची आतली लांबी आपोआप २४ मिमी आणि रुंदी १२ मिमी येते, म्हणजे सळईच्या तिप्पट आणि दीडपट; आखूड कडीच्या साखळीचं हेच नेमकं माप.

६. गुंडाळताना सळई लाल असू दे आणि वेढे एकमेकांना खेटून बसू दे — थंड सळई हातातून उसळते, आणि सैल वेढे कापले की प्रत्येक कडीचं तोंड वेगळ्या गावाला बघतं.

७. वेढे कापायचे ते कडीच्या लांब बाजूच्या मधोमध, वळणावर कधीच नाही — शेजारची कडी वळणावर घासते आणि ताणही तिथंच जास्त येतो. जोड सरळ भागात असला तर त्याला कमी सोसावं लागतं. जुने लोहार जोड वळणावरच ठेवायचे, कारण ऐरणीच्या शिंगावर ठोकायला त्यांना तेवढीच जागा मिळायची. तुला ती अडचण नाही.

८. अशा एका कडीला सुमारे ८७ मिमी सळई लागते. पहिली कडी मनासारखी जमली की ती खिळ्याला टांग आणि पुढची प्रत्येक कडी तिच्याशी लावून बघ — डोळ्याला सवय झाली की तो लबाडी करतो, खिळ्यावरची कडी करत नाही.

मापाचं एवढं का सांगतो? आपल्या मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटे यायच्या आधी मिरचीची पोती दांडीच्या मोठ्या तराजूवर जोखत. पारडं साखळ्यांना लटकलेलं असायचं. एका साखळीच्या कड्या जरा लांब निघाल्या की पारडं तिरकं व्हायचं आणि शेतकऱ्याचं-अडत्याचं भांडण सरळ सुरू. एक कडी एक मिमीनं वाढली तर काही दिसत नाही. चाळीस कड्यांत तेच चार सेंटिमीटर होतात. मापाला हसला तो मोंढ्यात फसला.

आता तोंडं तयार करायची. कंटाळवाणं काम आहे, पण साखळीचं खरं काम हेच.

९. कडीची दोन्ही तोंडं कानशीनं दोन्ही बाजूंनी उतरती कर — सपाट तोंडं टेकवून वरून वेल्ड फिरवलास तर आतला गाभा कोराच राहतो, आणि तो कोरा आहे हे साखळी तुटल्याशिवाय कळत नाही.

१०. दोन तोंडांमध्ये दीड मिमीच्या आसपास फट ठेव. हॅक्सॉच्या जुन्या पात्याचे दोन तुकडे एकत्र धरले की ते माप जवळपास मिळतं — फट असली की वितळलेला धातू तळापर्यंत उतरतो.

११. जोडाच्या दोन्हीकडे बोटभर लोखंड घासून पांढरं कर; गंज, रंग, तेल काही ठेवू नको — तेलाची वाफ झाली की ती वेल्डमधून बाहेर पडायला बघते, आणि तिथंच बुडबुडा अडकतो.

१२. अर्ध्या कड्या सुट्याच वेल्ड करून टाक. मग दोन बंद कड्यांत एक उघडी ओवून तीन-तीनचे तुकडे बनव, आणि ते तुकडे पुढच्या उघड्या कड्यांनी जोड — सुटी कडी हवी तशी फिरवता येते, म्हणून अडचणीत बसून करायचे जोड निम्मेच उरतात.

१३. वेल्ड करायच्या कडीचं तोंड शेजारच्या कड्यांपासून जितकं लांब नेता येईल तितकं ने आणि त्या कड्या तांब्याच्या पट्टीनं किंवा जाड पत्र्याच्या तुकड्यानं झाक — नाहीतर दोन कड्यांचं लग्न लागतं, आणि ते सोडवायला ग्राइंडरलाच बोलवावं लागतं.

१४. तांब्याची एक जाड पट्टी जोडाखाली धरायलाही ठेव — वेल्ड तांब्याला सहसा चिकटत नाही आणि जास्तीची उष्णता ते पिऊन टाकतं.

घाईची कडी, कुलुपाआधी उघडी. हे मीच रचलंय, पण खरं आहे.

१५. रॉड ६०१३ नंबरचा, २.५ मिमीचा घे आणि करंट ७० ते ८० अँपिअरच्या मध्ये ठेवून आधी भंगारावर दोन रेघा मार — मशीनच्या पडद्यावरचा आकडा सगळीकडे सारखाच असतो, पण आपल्या गल्लीतली वीज रोज सारखी नसते.

१६. पुढे ६ मिमीच्या कडीकडे वळलीस की २ मिमीचा रॉड आणि ४५ ते ५५ अँपिअर — बारीक कडीला जाड रॉड लावला तर वेल्डपेक्षा भोकंच जास्त पडतात.

१७. अर्थिंगचा क्लॅम्प जी कडी वेल्ड करायची तिलाच लाव. साखळीच्या दुसऱ्या टोकाला लावून निवांत बसू नको — करंट सगळ्या कड्यांतून उड्या मारत येतो, आणि जिथं कडी कडीला टेकते तिथं बारीक चट्टे पडतात. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. तू मात्र लक्षात ठेव.

१८. क्लॅम्पचे दात आठवड्यातून एकदा घासून काढ — अर्थिंगला गंज, तर रॉडला खाज: दर दोन मिनिटांनी तो चिकटतो आणि तू त्याला झटके देत बसतेस.

१९. आर्क पेटवायचा तो शेजारच्या भंगारावर किंवा जोडाच्या फटीतच, कडीच्या वळणावर टिचकी मारून नाही — त्या टिचकीच्या जागी लोखंड क्षणात तापून क्षणात निवतं, तेवढा ठिपका कडक होतो आणि पुढं तड तिथूनच जाते.

२०. एक बाजू भरली की खपली काढ, कडी उलटी कर, मागच्या बाजूनं स्वच्छ धातू दिसेपर्यंत घास आणि मगच दुसरी बाजू भर — खपलीवर वेल्ड म्हणजे दगडावर पेरणी.

२१. वेल्ड संपवताना रॉड झटकन उचलू नको, जरा मागं येऊन खळगा भरून मग उचल — शेवटच्या त्या खळग्यातच तड लपून बसते.

२२. लाल कडी पाण्याच्या बादलीत टाकायची हौस आवर. चुलीच्या कोरड्या राखेत पुरून ठेव — ‘चर्र’ आवाज ऐकायला छान लागतो, पण झटकन निवलेला जोड ठिसूळ व्हायची भीती असते. आणि भंगारातून आलेल्या सळईत काय मिसळलंय, हे ना तुला माहीत ना भंगारवाल्याला.

२३. रॉडचा पुडा झाकणाच्या डब्यात ठेव आणि बाहेर काढशील तेवढे रॉड त्याच दिवशी संपव — पावसाळी हवेत रॉडवरचा लेप ओल धरतो आणि वेल्डला भोकं पाडतो. ओल धरलेला ६०१३ रॉड शंभर-एकशेदहा अंशांवर तासभर तापवला की सुधारतो. पण ते घरच्या केकच्या ओव्हनमध्ये नाही, तुझी आई मला फोन करेल.

इथं जरा थांबून एक सांगतो. पोरींचं हे काम नाही असं तुला कुणीतरी म्हणणारच. त्याला पहिल्यांदा घिसाड्यांच्या पालावर घेऊन जा. भात्यासमोर पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो आणि समोर उभी राहून घण घालते ती बाई. विळे, खुरपी, वखराच्या पासा मराठवाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या याच जोडीच्या हातून घेतल्या. तरी त्याचं समाधान झालं नाही तर इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ गावाची गोष्ट सांग. तिथं घराच्या परसात छोट्या भट्ट्या असायच्या आणि बारीक साखळ्यांच्या कड्या तावून, ठोकून जोडायचं काम बायका करायच्या. लेकरं तिथंच भट्टीजवळ खेळायची. १९१० साली त्यांच्यासाठी तासाला अडीच पेन्स अशी किमान मजुरी ठरली, पण मालक ती देईनात. मेरी मॅकार्थर नावाच्या कामगार पुढारी बाईंनी त्यांना एकत्र केलं, दहा आठवडे काम बंद राहिलं आणि मालकांना मजुरी द्यावी लागली. लढ्यासाठी गोळा झालेल्या वर्गणीतून पैसे उरले. त्यातून तिथल्या कामगारांसाठी एक इमारत उभी राहिली. कडी जोडणाऱ्या बायकांच्या लढ्याची ती इमारत आजही एका संग्रहालयात जपून ठेवलीय. एवढं सांगूनही नाही पटलं, तर तो मित्र बदल.

आता तुझ्या अंगाकडं येतो. इथं मी जरा जास्त बोलेन, चालवून घे.

२४. ओढणी खिळ्याला, वेणी आंबाड्यात, बांगड्या डब्यात — ग्राइंडर मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि एकदा कापड धरलं की सोडत नाही. तुझ्या हाताला कळायच्या आत मान खाली येते.

२५. नांदेडला गुरुद्वाऱ्याला जाऊन आलेलं प्रत्येक पोर हातात कडं घालून येतं. तू श्रद्धेनं घातलं असशील तर राहू दे, पण चामड्याचा लांब हातमोजा त्याच्यावरून चढव — होल्डर आणि अर्थिंगच्या मध्ये कडं आलं तर ते क्षणात लाल होतं, मनगटासकट.

२६. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, पायात बंद बूट. लेगिंग आणि नायलॉनचा टॉप घालून बसायचं नाही — ठिणगी सुतीला भोक पाडते, नायलॉन मात्र वितळून कातडीला चिकटतं.

२७. काळी काच १० नंबरची लाव, ऑटो-डार्क हेल्मेट असेल तर काम सुरू करताना एकदा त्याची परीक्षा घे — सेल उतरलेला असला तर पहिली चमक सरळ डोळ्यांत जाते.

२८. ‘एकच टाका आहे, डोळे मिटून मारते’ असं कधी म्हणू नको — सहा-बारा तासांनी, सगळे झोपल्यावर, डोळ्यांत वाळू टाकल्यागत होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवून गारवा वाटतो, पण सकाळपर्यंत उतरलं नाही तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काचेविना टाका, रात्रभर हाका.

२९. खपली फोडतानाही पांढरा चष्मा डोळ्यांवर पाहिजे — काळी काच वर केली की माणसाला काम संपलं असं वाटतं, आणि गरम खपली नेमकी तेव्हाच उडते.

३०. डोकं धुराच्या बाजूला ठेव, धुरात नको. पंखा लावायचा तर बाजूनं, हळू — धूर सरळ वर जातो आणि वाकून बघणाऱ्याचं नाक बरोबर तिथंच असतं.

३१. घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल तर त्या माणसाला मशीन चालू असताना जवळ येऊ देऊ नको — वेल्डिंगच्या करंटमुळं त्या यंत्राची गडबड होऊ शकते. आजोबांना कौतुक बघायचं असेल तर तयार साखळी बघू दे.

३२. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम सकाळी नऊच्या आत उरक — आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, मोजे घामानं भिजतात आणि ओल्या मोज्यातून वीज लागायला वेळ लागत नाही.

३३. बाभळी बंधाऱ्याची दारं १ जुलैला उघडतात आणि २९ ऑक्टोबरला खाली येतात. मधल्या पावसाळी दिवसांत ओल्या अंगणात मशीन काढायचं नाही, आत कोरड्या लाकडी फळीवर उभं राहून काम कर — रॉड पेटलेला नसतानाही होल्डरवर साठ-ऐंशी व्होल्ट असतात, आणि ओल्या पायाला तेवढे पुरे.

३४. मशीनला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट घे आणि एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडून टाक — गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि तिची साल वितळल्यावरच वास येतो.

३५. आरसीसीबी बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नको — तो मशीनच्या आधीच्या विजेची राखण करतो; होल्डरकडच्या बाजूला झटका बसला तर त्याला पत्ताही लागत नाही.

धर्माबादेत आगीचा विषय निघाला की मी मिरचीचं नाव घेतो. इथं घरोघरी पोती असतात. एक पोतं धुमसलं तर आग विझवायला आलेला माणूसच आधी खोकत बाहेर पळतो. मिरचीच्या धुरात कुणालाही शौर्य दाखवता येत नाही. म्हणून:

३६. काम करतेस तिथून दहा मीटरच्या आत मिरची, कापूस, कडबा, तुराट्या, रिकामी गोणपाटं काही नको — ठिणगीला पाय नसतात, तरी ती तेवढी धावते, फटीत शिरते आणि गप्प बसते.

३७. मशीन बंद केलं की अर्धा तास तिथंच रेंगाळ, कड्या मोज, कानशी पूस — कापूस आणि गोणपाट लगेच पेटत नाहीत, आधी आतून धुमसतात. तू जेवायला गेलीस की त्यांना उत्साह येतो.

३८. एका हाताला वाळूची बादली, दुसऱ्या हाताला पाण्याची. पाणी मारायच्या आधी मेन स्विच बंद — हा क्रम घरात सगळ्यांना, धाकट्यालाही, पाठ असू दे.

३९. पेट्रोलचा, थिनरचा किंवा कसलाही बंद डबा कामाला टेकू म्हणून घेऊ नको, ‘रिकामा आहे’ असं कुणी म्हणालं तरी — आत उरलेली वाफ भरलेल्या डब्यापेक्षा वाईट.

४०. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही आणि कापायच्या चक्तीच्या मधल्या कड्यावर छापलेली तारीख वाचायची — जुनी, ओल खाल्लेली चक्ती फिरता फिरता फुटते. गार्ड असलं तर तुकडे पत्र्याला लागतात, नसलं तर तुला.

आता कडी बंद झाली. आत काय आहे ते कसं कळणार? तोडल्याशिवाय कळणार नाही, म्हणून तोडायचीच.

४१. एका बैठकीत केलेल्या कड्यांतली एक मुद्दाम व्हाइसमध्ये धर आणि घणानं तुटेपर्यंत उघड — तुटलेल्या तोंडावर करडं, एकसारखं, दाणेदार लोखंड दिसलं तर बाकीच्या कड्यांवर थोडा विश्वास ठेव. काळे डाग म्हणजे खपली अडकलीय, गोल भोकं म्हणजे वाफ, आणि कानशीच्या रेघा जशाच्या तशा दिसल्या तर लोखंड वितळलंच नाही, वेल्ड नुसता वर बसलाय.

४२. तोडायची कडी निवडताना सगळ्यांत चांगली दिसते ती निवड — वाईट दिसणारी वाईट आहे हे तुला आधीच माहीत आहे, त्यात नवीन काही कळत नाही.

४३. साखळी आडव्या खांबाला टांगून दहा कड्यांची लांबी मोज, सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या लटकव, उतरव आणि पुन्हा मोज — लांबी वाढली असेल तर कुठली तरी कडी तोंड उघडायला लागलीय. ओझं चढवताना आणि उतरवताना गोणीखाली पाय नको आणि साखळीच्या रेषेत डोकं नको. तुटलेलं टोक सरळ माणसाकडंच येतं.

४४. वापरातल्या साखळीचं वळण झिजून जाडी दहाव्या हिश्शानं कमी झाली की ती काढून टाक — म्हणजे ८ मिमीची ७.२ झाली की तिची नोकरी संपली.

४५. घरची साखळी फाटकाला, कुलुपाला, कुंडीला, कंदिलाला लाव. पाळण्याला, झोपाळ्याला, बोअरच्या मोटारीला किंवा अडकलेला ट्रॅक्टर ओढायला कधीच देऊ नको — बाजारातली ओझं उचलायची साखळी सुरक्षित भाराच्या किमान दुप्पट ओढून तपासलेली असते. आपण दोन गोण्या लटकवल्या, हे पाळण्यातल्या लेकराला सांगता येत नाही.

४६. लाल कंधारी किंवा देवणी बैलाच्या गळ्यालाही तुझी साखळी नको, शेतातल्या काकांनी कितीही गोड बोलून मागितली तरी — शांत बैल एकदाच बुजतो आणि एकच हिसका देतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला जाशील तेव्हा जनावरांच्या साजाच्या दुकानात तयार साखळी हातात घेऊन बघ: जोड कुठं आहे, कड्या किती सारख्या आहेत. शिकायला तेवढं पुरे. खंडोबाच्या जागरणात वाघ्या एका हिसक्यात लंगराची साखळी तोडतो तो देवाचा मान. आपली साखळी तो मान मागत नाही.

तुझ्या आईनं लामणदिव्याची पितळी साखळी तुटल्याचं सांगितलं. ती या मशीननं जोडायला जाऊ नको, हे तेवढं ऐक.

४७. पितळेला आर्क लावायचा नाही. त्याला चांदीचा डाख आणि टाकणखार — पितळेत जस्त असतं, आर्कखाली ते धूर होऊन उडतं आणि कडीची जाळी होते. डाख पितळेच्या बराच आधी वितळतो, म्हणून कडी शाबूत राहते.

४८. ज्योत डाखावर नको, कडीवर फिरव — डाख उष्णतेच्या मागं जातो. कडी थंड असेल तर तो गोळी होऊन घरंगळतो.

४९. डाख घेताना कॅडमियम नसलेला आहे ना, हे विचारून घे. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघ — कॅडमियमचा धूर जस्तापेक्षा कितीतरी वाईट, आणि तो घेताना काही जाणवतही नाही. कोल्हापूरकडं हुपरीला जायचं जमलं तर चांदीचे पैंजण कसे घडतात ते बघून ये. आजूबाजूच्या गावांतही घराघरांत कड्या ओवायचं आणि जोडायचं काम चालतं. त्यांची ज्योत किती लहान असते तेवढं बघ.

५०. लोखंडी साखळीला रंग देऊ नको; हाताला सोसवणार नाही इतपत गरम करून जवसाच्या तेलात बुडव आणि पुसून घे — रंग कडी-कडीच्या घासण्यानं पहिल्याच आठवड्यात उडतो, जवसाचं तेल सुकून पातळ काळसर साल धरतं आणि पाऊसही बऱ्यापैकी सोसतं.

५१. पण ज्या चिंध्यांनी ते तेल पुसलंस त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नको. एकेक उलगडून कंपाउंडच्या भिंतीवर सुटी वाळत घाल — जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापतं आणि गुंडाळलेल्या बोळ्यात ती उष्णता कोंडली की काडी न लावता तो पेटतो. ठिणगीवर लक्ष ठेवणारी माणसं चिंधीला फसतात.

दिवाळीला मी येतोय. तोडलेल्या कड्या एका डब्यात तारखा घालून ठेव, त्या बघायच्यात मला. जोडलेल्या साखळ्या तुझी आई फाटकातच दाखवेल.